कागदावरची पेटी आणि माजघरातला पाट

पुण्याहून कात्रजचा घाट उतरला की खेड शिवापूर लागतं. साताऱ्याच्या दिशेने आणखी थोडं पुढे गेलं की महामार्गालगत शिवरे येतं. भोर तालुक्यातलं, शिवगंगेच्या खोऱ्यातलं गाव. नरकचतुर्दशीच्या पहाटे या भागातल्या घराघरांत पाट आडवा होतो. एरवी तो भिंतीला टेकून उभा असतो आणि कुणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. त्या पहाटे मात्र त्याच्याभोवती रांगोळीची रेघ फिरते, शेजारी उटण्याची वाटी येते, तेलाचे थेंब सांडतात. दोन दिवसांनी पाडव्याला आणि पुन्हा भाऊबीजेला त्यावर माणूस बसतं, ओवाळलं जातं, उठतं. मग पाट पुन्हा भिंतीला.

रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते, पण तिचे फोटो निघतात, स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात. पिढ्यान् पिढ्या टिकलेल्या पाटाचं चित्र कुणी काढत नाही. कोपऱ्यावरच्या पितळी पट्ट्या, मधली पितळेची फुलं, कडेची कोरीव वेल हे सगळं डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

अशा घरगुती वस्तूंची चित्रं काढण्यासाठी एका देशाने एकेकाळी शेकडो चित्रकारांना पगारावर नेमलं होतं. ती चित्रं आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत आणि त्यांची संख्या अठरा हजारांहून अधिक आहे. खुर्च्या, पाळणे, खेळणी, दुलया, मातीची भांडी, दुकानांच्या पाट्या आणि रंगवलेल्या लाकडी पेट्या. बहुतेक चित्रं जलरंगातली. संग्रहाचं नाव ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’. गॅलरीने ती सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत, त्यामुळे शिवऱ्यातल्या ओट्यावर बसून मोबाइलवरही ती पाहता येतात. पाहायला हवीत, आणि घाई न करता पाहायला हवीत.

त्यातल्या पेनसिल्व्हेनियाच्या रंगीत पेट्यांपाशी जास्त थांबावंसं वाटतं. अठराव्या शतकात जर्मन बोलणारे शेतकरी आणि कारागीर तिथे वस्ती करून राहिले होते. मुलगा किंवा मुलगी मोठी होऊ लागली की घरात त्यांच्यासाठी पेटी बनवली जाई. मुलगी त्यात कापडचोपड साठवी, लग्न झालं की पेटी तिच्याबरोबर जाई. आपल्याकडच्या रुखवताची आणि सासरी जाणाऱ्या पेटाऱ्याची आठवण व्हावी अशीच ही रीत. पेटीच्या दर्शनी बाजूवर बरेचदा मालकाचं नाव आणि साल रंगवलेलं असे. आपण हेच पितळेच्या भांड्यांवर केलं. हंड्यावर, ताटावर टोचून घातलेलं आजीचं नाव अजूनही कितीतरी घरांत वाचता येतं.

या पेट्यांची रचना ठरावीक. पाइनसारख्या मऊ लाकडाच्या फळ्या, कोपऱ्यांना कातरी सांधे, वर बिजागरीचं झाकण. समोरच्या बाजूवर दोन किंवा तीन कमानदार चौकटी, प्रत्येक चौकटीत फुलदाणी, तीतून वर आलेली ट्युलिपची फुलं. कुठे पक्षी, कुठे बदाम, कुठे समोरासमोर उभे एकशिंगी घोडे. ख्रिश्चन सेल्झर नावाचा जोन्सटाउनचा कारागीर तर आपलं नाव फुलदाणीच्या रंगातच खरवडून ठेवी.

आता चित्राकडे. असं चित्र पहिल्या नजरेला फोटो वाटतं. पेटी कोऱ्या कागदावर एकटी उभी आहे, मागे भिंत नाही, खिडकी नाही, खाली जेमतेम एक सावली. प्रकाश डावीकडून वरून येतोय. क्षणभर वाटतं, झालं बघून. पण दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येतं की फुलदाणीचा पांढरा भाग रंगवलेलाच नाही, तो कागद आहे. जलरंगाची मूळ शिस्त हीच. पांढरं लावायचं नसतं, राखायचं असतं. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगाचा पातळ थर पारदर्शक असतो, खालचा थर वरच्यातून दिसत राहतो. म्हणून कुठे काहीच लावायचं नाही हे चित्रकाराला कुंचला बुडवण्याआधी ठरवावं लागतं.

तिसऱ्यांदा नजर झिजेवर जाते. झाकणाच्या कडेला, जिथे दीडशे वर्षं हात पडले, तिथला निळा उडून लाकूड उघडं पडलंय. कुलपाच्या भोकाभोवती रंग काळवंडलाय. खालच्या पट्टीला ओल लागून रंगाचे पापुद्रे सुटलेत. चित्रकाराने हे सगळं जसंच्या तसं घेतलं. लाकडाचा पिवळसर तपकिरी थर आधी, त्यावर निळ्याचा थर, आणि निळा नेमका तिथे थांबवायचा जिथे मूळ पेटीवर तो संपतो. ती एक वेडीवाकडी कड सांभाळायलाच किती वेळ गेला असेल! एका मोठ्या चित्राला कित्येक आठवडे लागत ते यामुळेच.

आणि चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची. कंपासने आखलेल्या वर्तुळाचा ओरखडा. पेटी रंगवणाऱ्या मूळ कारागिराने फुलांची मांडणी कंपासने लाकडावर ओरखडून घेतलेली असे, नंतर हाताने रंग भरताना तो त्या रेषेबाहेर गेलेला असे. डावीकडचं फूल आणि उजवीकडचं फूल सारखं असायला हवं, पण एकाची पाकळी जाड झालीय. अशा ठिकाणी जलरंगकाराने कारागिराची चूक दुरुस्त करायची नसते, त्याच्या हाताचा वेग पकडायचा असतो. एक हात दुसऱ्या हाताच्या मागोमाग जातो, दोघांमध्ये दीडशे वर्षांचं अंतर असूनही. जुन्या वस्तूला याहून मोठा मान कुणी देऊ शकत नाही, असं प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटतं.

या कामाची सुरुवात बेकारीतून झाली. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत कारखान्यातले कामगार बसले तसे चित्रकारही बसले. १९३५ मध्ये सरकारने फेडरल आर्ट प्रोजेक्ट सुरू केलं, होल्गर काहिल त्याचे संचालक. कल्पना मात्र दोन बायकांची. रोमाना जाविट्झ न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात चित्रसंग्रह सांभाळत, आणि रूथ रीव्ह्ज कापडाची नक्षी करणाऱ्या कलावंत होत्या. आपल्या देशातल्या जुन्या घरगुती वस्तूंची चित्रं शोधायला येणाऱ्याला देण्यासारखं काही ग्रंथालयात नाही, ही जाविट्झ यांची रोजची अडचण. मग बसलेल्या चित्रकारांना हेच काम का देऊ नये? आठवड्याला सुमारे तेवीस डॉलर पगार ठरला. काम १९४२ पर्यंत चाललं, आणि पुढच्याच वर्षी सगळी चित्रं नॅशनल गॅलरीत आली.

फोटो का नाही काढले, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्या काळी रंगीत छायाचित्रण महाग होतं आणि त्यातले रंग टिकत नसत. पण कारण तेवढंच नव्हतं. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या सुझान चॅपमन यांनी चित्रकारांना जी पद्धत शिकवली, तिच्यात वस्तूचा पोत दाखवण्यावर भर होता. लाकूड लाकडासारखं दिसलं पाहिजे, लोखंड लोखंडासारखं, लोकर लोकरीसारखी. फोटोत कॅमेऱ्याला चकाकी दिसली की ती येते, सावली पडली की नक्षी बुडते. चित्रकार मात्र सावलीत बुडालेली वेल शोधून काढतो आणि तरीही सावली राखतो. प्रत्येक चित्राबरोबर एक माहितीपत्रक भरलं जाई: वस्तू कुठली, कुणाकडची, कशाची, किती लांब-रुंद, कुणी बनवली असावी. पेनसिल्व्हेनियातलं काम फ्रान्सिस लिक्टन यांच्या देखरेखीखाली झालं. त्या कामात गोळा झालेल्या जाणिवेतून त्यांनी पुढे १९४६ मध्ये तिथल्या ग्रामीण लोककलेवर ग्रंथ लिहिला.

रूथ रीव्ह्ज यांची गोष्ट इथे संपत नाही, ती आपल्याकडे येते. १९५६ मध्ये त्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आल्या आणि इथेच राहिल्या. खेड्यापाड्यांतले ओतकाम करणारे कारागीर त्यांनी जवळून पाहिले. मेण वितळवून धातू ओतण्याच्या भारतीय पद्धतीवरचं त्यांचं पुस्तक १९६२ मध्ये दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियमने काढलं. १९६६ मध्ये दिल्लीतच त्यांचा मृत्यू झाला. ज्या बाईने अमेरिकेतल्या पेट्या कागदावर आणायला लावल्या, तिने आयुष्याची शेवटची दहा वर्षं भारतातल्या कारागिरांच्या अंगणात काढली. आपल्याकडच्या १९६१ च्या जनगणनेबरोबर हस्तव्यवसायांच्याही पाहण्या झाल्या. त्यात कारागिरांची संख्या, हत्यारं, लाकडाचे भाव हे सगळं नोंदलं गेलं. फक्त हातात कुंचला घेऊन एका वस्तूसमोर पंधरा दिवस बसणारा माणूस त्या पाहण्यांत नव्हता.

असा माणूस आपल्याकडे पूर्वी नव्हता असं मात्र म्हणता येणार नाही. पुण्यातलाच गंगाराम तांबट घ्या. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्रजांचा पेशवे दरबारातला वकील चार्ल्स मॅलेट याने त्याला वेरूळची लेणी काढायला लावली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात होता, त्याचा आणि गंगारामचा संबंध आला. गंगारामने १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, मल्लखांब करणारे पैलवान काढले. नावावरून तांबट, म्हणजे घर भांडी ठोकणाऱ्यांचं. भांड्याचा पोचा ज्याला हाताने कळतो त्याला गेंड्याच्या कातडीची घडी कळली, यात नवल नाही. त्याची चित्रं आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.

पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. १८७२ ते १८८५ अशी वर्षानुवर्षं ते भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकीच. प्रतिकृती लंडनला साउथ केन्सिंग्टनला पाठवल्या गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या पुष्कळशा जळाल्या. ज्या मुलांनी लेण्याच्या अंधारात डोळे फोडून त्या केल्या, त्यांच्या हातात काय राहिलं? उत्तर पुढच्या पन्नास वर्षांच्या भारतीय चित्रकलेत शोधावं लागेल. कागद जळाला तरी पाहणं शिकलेला डोळा राहतो.

लेणी झाली, गेंडा झाला. पाट आणि चौरंग मात्र राहून गेले.

महाराष्ट्रात रंगवलेलं लाकूड म्हटलं की वाट सावंतवाडीला जाते. तिथल्या चितार आळीत दुकानांच्या फळ्यांवर लाकडी केळी, आंबे, वांगी मांडलेली असतात, इतकी हुबेहूब की लहान मूल चावायला जातं. खेळण्यांसाठी पांगाऱ्याचं लाकूड, कारण ते हलकं आणि कोरायला मऊ. चितारी समाजाकडे हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलं. लाखकाम, रंगीत पाट, चौरंग, पाळणे, आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफ्याचे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पाने. त्यात राजा आणि वजीर, बाकीची एक ते दहा. पत्त्यासाठी थर चिकटवायचे, चिंचोक्याच्या खळीने आणि खडूच्या पुडीने जमीन करायची, दगडाने घोटायची, मग बारीक कुंचल्याने मासा, कासव, वराह काढायचे, वर लाखेचा हात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम जाणणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ते शिकून घेतलं, राजवाड्यातच नव्या चित्रकारांना बसवलं. गंजिफ्याचा खेळ संपत आलेला. मग तीच वेलबुट्टी, तेच अवतार खुर्च्यांवर, पेट्यांवर, मेजांवर उतरले. पत्त्यावरची बोटभर चित्रं मोठ्या लाकडावर नेताना त्यांचा तोल सांभाळणं सोपं नव्हतं. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या, वाड्यातलं काम चालू राहिलं.

पेनसिल्व्हेनियाच्या पेटीचं चित्र पाहिलं तसंच सावंतवाडीच्या रंगीत खुर्चीकडे पाहून बघावं. ही जलरंगात काढायची झाली तर? लाखेची चमक म्हणजे राखलेला कोरा कागद. लाल जमीन दोन थरांत, पहिला पातळ पिवळा, वर लाल, म्हणजे तो आतून तापल्यासारखा दिसेल. कडेची पानं एका फटकाऱ्यात काढलेली आहेत, तेव्हा ती एका फटकाऱ्यातच यायला हवीत. कुंचला जाड टेकवून बारीक उचलला की पान होतं. चितारी आणि जलरंगकार दोघांना हीच हालचाल येते. अशा रीतीने मनातल्या मनात चित्र काढत गेलं की वस्तू उलगडते. ‘किती छान’ म्हणून पुढे जाणाऱ्याला ती कधीच उलगडत नाही.

पुण्यात वस्तूंसाठी झुरणारा एक माणूस होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६, चष्म्याचं दुकान, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता. लहानपणी गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं. दरवाजे, गणेशपट्ट्या, अडकित्ते, फणी-करंड्याच्या पेट्या, दिवे, खेळण्याचे पट. सुमारे वीस हजार वस्तू. गावोगाव फिरून, पैसे नसताना, माणसांची मनं वळवून त्यांनी हे जमवलं, आणि १९९० मध्ये ते गेले तेव्हा महाराष्ट्राच्या घरांचं अंतरंग एका वाड्यात सुरक्षित झालेलं होतं. केळकरांचं ऋण फेडता येणार नाही असं आहे. तरी एक गोष्ट खरी की संग्रहालयात आलेली पेटी आपल्या माजघरातून निघालेली असते. तिच्यावर कुणाचा हात कुठे पडायचा, ती कोणत्या कोनाड्यात होती, हे तिच्याबरोबर येत नाही. इंडेक्सच्या चित्रकारांपुढेही हीच अडचण होती, म्हणूनच ते माहितीपत्रक. वस्तू हलवायची नाही, विकत घ्यायची नाही, जिथे आहे तिथली नोंद करायची.

ही रीत भोर आणि वेल्ह्याला, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात, अगदी चपखल बसेल. इथे संस्थानी भोरचा राजवाडा आहे, त्याच्या कोरीव लाकडी खांबांसमोर सिनेमांचं चित्रीकरण होतं, सगळा महाराष्ट्र ते खांब पडद्यावर ओळखतो. पण शिवगंगेच्या आणि गुंजवणीच्या खोऱ्यांतल्या साध्या घरांत जे आहे ते कुठल्याच पडद्यावर आलेलं नाही. चौकटीवरची गणेशपट्टी. भिंतीतलं फडताळ. छताच्या कडीला टांगलेला, कातलेल्या दांड्यांचा पाळणा. मसाल्याचा चौफुला. सत्यनारायणाचा चौरंग, ज्याच्या पायांना केळीचे खुंट बांधून बांधून एका उंचीवर गोलाकार डाग पडतो. यातली एकही वस्तू श्रीमंताची नाही, ती त्या गावच्या सुताराने, मिळेल त्या लाकडात, बलुत्याच्या हिशेबात केलेली आहे. सुताराचं नाव तिच्यावर नाही. सेल्झरसारखं फुलदाणीत लपवलेलंही नाही.

आणि घरं बदलतायत. महामार्ग चौपदरी झाला, मग सहापदरी. पुण्याची हद्द घाट ओलांडून खाली उतरली. मातीचं घर उतरवून स्लॅबचं बांधताना सागाच्या तुळया विकल्या जातात, चौकट विकली जाते, आणि फडताळ तर भिंतीबरोबरच जातं. नव्या घरात सुख आहे, ते कुणी नाकारू नये. बाईच्या कमरेला शेणाने सारवण्याचा त्रास उरत नाही. प्रश्न एवढाच, जुनं घर उतरण्याच्या आदल्या आठवड्यात कुणी तिथे जाऊन बसतं का.

बसणारी माणसं आहेत. गावातच आहेत. महाराष्ट्रात शाळेतली मुलं दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांना बसतात. त्यात वस्तुचित्राचा एक पेपर असतो. समोर कळशी, कापड, एखादं फळ मांडलेलं, आणि जलरंगाची पेटी घेऊन ओळीने बसलेली मुलं. प्रकाश कुठून येतो, सावली कुठे पडते, कळशीच्या पोटावरची चमक कशी राखायची, हे चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यांना घोकून घेतलेलं असतं. अमेरिकेने पगार देऊन जे कसब गोळा केलं, ते इथे तालुक्याच्या शाळांतून दर पावसाळ्यात शिकवलं जातं आणि परीक्षेचा निकाल लागला की कपाटात जातं. चित्रकलेच्या शिक्षकाने दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून एवढंच सांगावं: घरातली सगळ्यात जुनी लाकडी वस्तू काढून आणा, पूर्ण पानभर, मागे काही नको. आणि पानाच्या पाठीवर लिहा: कुणाची, कशाच्या लाकडाची, किती वीत लांब, आजीला विचारून कधीची.

पानं गोळा झाली की त्यातलं एखादं असं असेल. सागाचा पाट, आडवा. तपकिरी एका हातात बसलेला नाही, मुलीने घाईने पाणी जास्त घेतलंय, एका कोपऱ्यात रंग वाहिलाय. पाटावर मधोमध तेल मुरून काळसर झालेला गोल आहे, कित्येक दिवाळ्यांच्या अभ्यंगाचा. चार कोपऱ्यांत पितळेची चार फुलं असायची, त्यातली तीन आहेत. चौथ्याच्या जागी खिळ्याचं भोक. मुलीने तिथे फूल काढलेलं नाही. तिने बारीक कुंचल्याने भोक काढलंय आणि त्याच्या डाव्या कडेला, प्रकाश पडतो त्या बाजूला, कागदाचा केसाएवढा पांढरा राखलाय.